शरदातली जहाजे आणि क्वेबेकचा तट

अटलांटिक महासागराच्या खुल्या पाण्यापासून सुमारे हजार किलोमीटर आत, जिथे सेंट लॉरेन्स नदीचे अफाट पात्र एकाएकी आवळून जेमतेम एक किलोमीटरचे होते, तिथे उत्तर तीरावर एक उंच कडा सरळ पाण्यातून वर आलेला आहे. आणि त्या कड्याच्या माथ्यावर व पायथ्याशी मिळून क्वेबेक हे शहर वसले आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात कॅनडातील मेपल वृक्षांची पाने तांबडी-केशरी होऊ लागली, की न्यूयॉर्क, बोस्टन, हॅलिफॅक्स या बंदरांतून निघालेली मोठमोठी क्रूझ जहाजे या कड्याखाली येऊन धक्क्याला लागतात. उतारू खाली उतरतात, दगडी गल्ल्यांतून हिंडतात, तटावर चढतात, आणि दिवस मावळण्याच्या सुमारास जहाज पुन्हा प्रवाहाला लागते. पाहणाऱ्यास हा आधुनिक सहलीचा एक सुखकर प्रकार वाटावा हे स्वाभाविक आहे. तथापि शरद ऋतूत येणारे-जाणारे जहाज ही या गावाच्या आयुष्यातील सर्वात जुनी आणि सर्वात निर्णायक घटना आहे. गावाची स्थापना, त्याची उपासमार, त्याचे विजय, त्याचा पराभव आणि अखेरीस त्याच्या तटाचे रक्षण, या साऱ्यांना त्या ऋतूचा व त्या पाण्याचा संबंध आहे.

याचे कारण नदी. ही नदी हिवाळ्यात गोठते. आज हिमभंजक जहाजे वाट मोकळी ठेवतात. परंतु एकोणिसाव्या शतकाअखेरपर्यंत नोव्हेंबरच्या मध्यानंतर येथून समुद्राकडे जाणे म्हणजे बर्फात अडकून जहाज गमावण्यास सिद्ध होणे, असाच हिशेब होता, आणि पुढचे गलबत दिसायचे ते एप्रिलच्या अखेरीस किंवा मे महिन्यात. अशा रीतीने वर्षाचे जवळजवळ सहा महिने हे गाव जगापासून तुटलेले असे. ज्या मुलखात ऋतूच किल्लेदारी करतो, तिथल्या माणसांना तट कोणत्या बाजूला बांधावा, रसद केव्हा भरावी आणि शत्रूला किती दिवस थोपवून धरले म्हणजे तो आपण होऊन परत फिरेल, याचे गणित पिढ्यान् पिढ्या पाठ करावे लागते.

हे गणित पहिल्या फ्रेंच माणसांनी प्राण देऊन शिकून घेतले. १५३५ साली झाक कार्तिये हा दर्यावर्दी येथे आला तेव्हा कड्याच्या आसपास इरोक्वियन लोकांचे स्टाडाकोना हे गाव नांदत होते. त्या हिवाळ्यात कार्तियेची माणसे स्कर्व्ही रोगाने धडाधड मरू लागली, आणि स्थानिक लोकांनी एका सदाहरित वृक्षाच्या पाल्याचा व सालीचा काढा दाखवून दिला म्हणून उरलेली वाचली. पुढच्या एका सफरीत याच भागातून त्याने हिरे समजून जे खडे फ्रान्सला नेले ते निव्वळ गारेचे निघाले. पण कड्याला 'हिऱ्याचे टोक' अशा अर्थाचे काप दियामाँ हे नाव चिकटले ते कायमचेच. त्यानंतर दोन पिढ्यांचा काळ लोटल्यावर, ३ जुलै १६०८ रोजी साम्युएल द शांप्लें याने कड्याच्या पायथ्याशी, पाण्यालगत, लाकडी वखारीवजा कोट उभारून क्वेबेकची स्थापना केली. त्याच्यासह त्या हिवाळ्यास सामोरी गेलेली माणसे अठ्ठावीस होती; वसंत ऋतूत मोजदाद झाली तेव्हा आठ जिवंत होती.

शांप्लेंच्या वखारीची ही जागा आजही पाहता येते. धक्क्यापासून चालत काही मिनिटांवर प्लास रॉयाल नावाचा लहानसा दगडी चौक आहे. त्या चौकाच्या फरसबंदीत गडद रंगाचे दगड बसवून जुन्या कोटाच्या बुरुजाची रेघ आखलेली आहे, आणि समोर १६८८ साली बांधायला घेतलेले नोत्र-दाम-दे-व्हिक्त्वार हे छोटे चर्च उभे आहे. चर्चच्या आत छताला एका शिडाच्या जहाजाची प्रतिकृती टांगलेली आहे. १६६४ साली राजाच्या प्रतिनिधीस घेऊन फ्रान्सहून निघालेल्या 'ब्रेझे' या जहाजाची ती आकृती. वेदीची रचना पाहावी तर ती बुरूज आणि तटांसह एखाद्या गढीसारखी. ज्या देवालयात छताला जहाज आणि गाभाऱ्यात किल्ला आहे, तिथल्या भाविकांनी देवाजवळ काय मागितले असेल, हे त्यांच्या प्रार्थना न ऐकताही समजते.

सतराव्या शतकात फ्रान्सच्या राजाने हा मुलूख खालसा करून घेतला आणि व्यापारी कंपनीच्या जागी गव्हर्नर व मुलकी कारभार पाहणारा इंतेंदाँ, म्हणजे आपल्याकडील दिवाणाच्या तोडीचा अधिकारी, असा दुहेरी अंमल सुरू झाला. वसाहतीचे सारे आयुष्य मात्र जहाजांच्या येण्याजाण्याला बांधलेले राहिले. उन्हाळ्यात फ्रान्सहून पीठ, मद्य, दारूगोळा, कापड, सरकारी हुकूम आणि नवी माणसे येत. शरदात तीच जहाजे लोकरीच्या मऊ केसांची बीव्हर प्राण्याची कातडी घेऊन परतत. १६३९ साली येथे आलेली मारी द लँकार्नास्यों ही उर्सुलीन पंथाची संन्यासिनी, जिने मुलींसाठी शाळा काढली आणि स्थानिक जमातींच्या भाषांचा अभ्यास केला, तिची विपुल पत्रे आज त्या काळाच्या इतिहासाचे एक मुख्य साधन मानली जातात. त्यांतील पुष्कळशी पत्रे उन्हाळा सरता सरता आणि शरदात, शेवटची जहाजे निघण्याआधीच्या घाईत लिहिलेली आहेत. फ्रान्समधील मुलाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्याच शरदात धाडले नाही, तर ते त्याच्या हाती पडायला आणखी एक वर्ष जाणार, ही जाणीव त्या पत्रलेखनामागे आहे.

शरद ऋतूने शत्रूलाही तितकेच कैचीत पकडले होते. १६९० च्या १६ ऑक्टोबरला सर विल्यम फिप्स हा बोस्टनहून तीसहून अधिक जहाजे आणि सुमारे दोन हजार माणसे घेऊन कड्याखाली दाखल झाला. त्याने किल्ला खाली करून देण्याची मागणी करणारा वकील पाठवला. त्या वकिलाला डोळ्यांवर पट्टी बांधून, गल्ल्यागल्ल्यांतून मुद्दाम वळसे देत, भोवती मोठा गलबला चालू ठेवून वर नेण्यात आले, जेणेकरून शिबंदी खरी आहे त्याहून मोठी भासावी. आणि वृद्ध गव्हर्नर फ्रोंतनाक याने आपले उत्तर तोफांच्या तोंडून मिळेल असे सांगून त्याची बोळवण केली. तोफा खरोखरच बोलल्या. परंतु फिप्सच्या माघारीला तोफांइतकेच पंचांगही कारण झाले. छावणीत देवीची साथ, हवेत गारठा आणि नदी गोठण्याआधी परत निघण्याची निकड, यांपुढे त्याचा धीर सुटला आणि आठवड्याभरातच त्याने नांगर उचलला. पुढे १७११ साली अ‍ॅडमिरल वॉकरचे त्याहून मोठे आरमार क्वेबेकवर चालून येत असता, धुक्यात वाट चुकून त्याची आठ जहाजे नदीच्या मुखाजवळ खडकांवर फुटली आणि शेकडो माणसे बुडाली. क्वेबेकला एकही गोळा झाडावा लागला नाही. प्लास रॉयालमधील चर्च आधी एका विजयाच्या नावाने ओळखले जात होते. या घटनेनंतर त्याच्या नावात विजयाचे अनेकवचन आले.

येथे तटाची गोष्ट सुरू होते, आणि ती नीट कळण्यासाठी गावाची ठेवण ध्यानात घ्यावी लागते. नदीच्या अंगाला सुमारे शंभर मीटर उंचीचा कडा हाच तट होता. धोका होता तो पश्चिमेला, जिथे कड्याचा माथा सपाट होऊन मैलच्या मैल जमीन पसरत जाते आणि चढून आलेल्या सैन्याला अडवणारे काहीच उरत नाही. फिप्सच्या वेळी त्या बाजूला लाकडी मेढेकोट होता. १७४५ साली ब्रिटिश वसाहतींच्या फौजेने समुद्रकाठचा लुईबूर्ग हा फ्रेंच किल्ला जिंकला तेव्हा क्वेबेकमध्ये घबराट उडाली, आणि राजाचा अभियंता शोसग्रो द लेरी याने पश्चिमेकडील आजची दगडी तटबंदी बांधायला घेतली. व्होबाँ या थोर फ्रेंच दुर्गस्थपतीच्या पद्धतीने बांधलेला हा तट उंच नाही, आपल्या डोंगरी किल्ल्यांच्या मानाने तर बुटकाच वाटावा असा आहे. परंतु तोफेच्या युगात उंचीपेक्षा जाडी आणि कोन महत्त्वाचे. आत मातीचा भराव, बाहेर दगडी आवरण, आणि एका बुरुजावरून दुसऱ्याच्या पायथ्यापर्यंत मारा करता येईल अशी नागमोडी रेषा, ही त्याची युक्ती होय. तटाचा संपूर्ण वेढा आज साडेचार किलोमीटरांहून थोडा अधिक भरतो.

शहर आतून राखण्यासाठीही बंदोबस्त झाला होता. १६८२ साली खालचे शहर आगीत बेचिराख झाले होते, आणि अशा आगींचा धडा घेऊन १७२७ साली इंतेंदाँ द्युपुई याने हुकूम काढला: घरे दगडाची बांधावीत, लाकडी नक्षीकाम करू नये, आणि दोन घरांमधील भिंत छपराच्या वर उचलून घ्यावी, म्हणजे शेजारची आग अलीकडे उडी घेणार नाही. आज जुन्या शहरातील गल्लीत उभे राहून मान वर केली की तीव्र उताराची पत्र्याची छपरे दिसतात, दोन छपरांमधून वर आलेल्या त्या आगरोधक भिंती दिसतात आणि कित्येक छपरांवर धुराड्यापर्यंत जाणाऱ्या लाकडी शिड्या कायमच्या ठोकलेल्या आढळतात. धुराडे साफ करणाऱ्याला आणि आग लागल्यास विझवणाऱ्याला वर जाता यावे, यासाठी ही तजवीज होती.

१७५९ च्या जूनमध्ये ज्या आरमाराची भीती दोन पिढ्या बाळगली होती ते अखेर आले. क्वेबेकच्या खाली, ऑर्लेआँ बेटाजवळ नदीत एक अवघड वळणाची वाट आहे. माहीतगार वाटाड्यावाचून मोठी जहाजे ती ओलांडू शकणार नाहीत, असा फ्रेंचांचा भरवसा होता. ब्रिटिशांनी तिथल्या पाण्याची खोली मोजून वाट शोधली, आणि त्या मोजणीच्या कामावर असलेल्यांत पुढे प्रशांत महासागराच्या सफरींनी अजरामर झालेला जेम्स कुक हा होता. मेजर जनरल जेम्स वुल्फ याने समोरच्या तीरावर तोफा चढवून दोन महिने शहरावर मारा केला. खालचे शहर बहुतांशी उद्ध्वस्त झाले, विजयाचे नाव मिरवणारे ते चर्चही पडले. पण माँकाम हा फ्रेंच सेनापती आपल्या मोर्च्यांतून हलेना. त्याचे गणित सरळ होते. सप्टेंबर संपेपर्यंत टिकाव धरला की नदी शत्रूला आपोआप हाकून लावील.

वुल्फलाही तेच गणित ठाऊक होते आणि म्हणूनच त्याने ते धाडस केले, ज्याला शांतपणे विचार करणारा कोणताही सेनानी अविचार म्हणाला असता. १३ सप्टेंबरच्या पहाटे, ओहोटीच्या ओघाबरोबर, ब्रिटिश होड्या शहराच्या वरच्या अंगाला असलेल्या आँस-ओ-फूलों या लहानशा खोबणीकडे निघाल्या. त्या रात्री वरच्या बाजूने रसदीच्या होड्या येणार अशी वार्ता फ्रेंच पहारेकऱ्यांना मिळालेली होती. ती खेप रद्द झाल्याचे त्यांना कुणी कळवलेच नव्हते. पहाऱ्याच्या हाकेला अंधारातून फ्रेंच भाषेत उत्तर आले आणि होड्या पुढे गेल्या. उजाडले तेव्हा सुमारे साडेचार हजार ब्रिटिश सैनिक तटाच्या पश्चिमेच्या पठारावर, आब्राहामच्या मैदानात, रांगा धरून उभे होते. द लेरीचा तट पुरा झालेला असला तरी त्याच्या बाहेरची खंदकाची आणि पुढच्या मोर्च्यांची कामे झालेली नव्हती, शिवाय बाहेरचा उंचवटा शत्रूच्या हाती गेला होता. भिंतीवर विश्वास ठेवून आत बसण्यापेक्षा बाहेर पडून लढणे माँकामने पत्करले. वरच्या अंगाला बूगेंव्हील या फ्रेंच अधिकाऱ्याच्या हाताखाली असलेल्या फौजेची वाटही त्याने पाहिली नाही. खरी लढाई अर्ध्या घटकेचीही झाली नाही. बत्तीस वर्षांचा वुल्फ रणातच पडला; जखमी माँकामला घोड्यावर सावरून धरीत सैनिकांनी सँ-लुई वेशीतून आत आणले, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यानेही प्राण सोडला. उर्सुलीन मठाच्या प्रार्थनागृहात, तोफगोळ्याने फरशीला पडलेल्या खड्ड्यातच त्याचे दफन झाले, असे परंपरा सांगते. १८ सप्टेंबरला शहर शरण आले.

यानंतरचे प्रकरण क्वचितच सांगितले जाते, परंतु नदीचा अधिकार त्यातूनच सर्वात स्पष्ट कळतो. बर्फाच्या भीतीने ब्रिटिश आरमार शरदातच परत गेले आणि जनरल मरे याची शिबंदी पडक्या शहरात हिवाळा काढायला राहिली. कार्तियेच्या माणसांना ज्या रोगाने गाठले त्यानेच या विजेत्यांनाही गाठले, आणि शेकडो सैनिक मेले. २८ एप्रिल १७६० रोजी लेव्ही हा फ्रेंच सेनापती मोंत्रेयालहून चालून आला. मरे याने माँकामप्रमाणेच तटाबाहेर पडून लढाई दिली, माँकामप्रमाणेच हरला, आणि त्याच तटाच्या आड परतला. आता वेढा फ्रेंचांचा होता आणि दोन्ही बाजू नदीकडे डोळे लावून बसल्या होत्या. वितळलेल्या बर्फातून पहिले जहाज कुणाचे येते, यावर अर्ध्या खंडाचे भवितव्य अवलंबून होते. ९ मे रोजी आलेले जहाज ब्रिटिश निघाले.

१७६३ च्या पॅरिसच्या तहनाम्याने फ्रान्सने कॅनडा सोडला. त्याच तहाने हिंदुस्थानातील पाँडिचेरी फ्रेंचांना परत मिळाली, पण तिचा तट आणि इमारती इंग्रजांनी १७६१ सालीच जमीनदोस्त केलेल्या होत्या. एकाच युद्धात, एकाच जोडीच्या शत्रूंमध्ये, दोन खंडांवरील दोन तटबंद शहरांची भाग्ये अशी वेगवेगळ्या दिशांनी गेली. पाँडिचेरी फ्रेंचांची राहिली व तिचा तट गेला. क्वेबेक फ्रेंचांच्या हातून गेले व त्याचा तट राहिला. आणि तटाच्या आत भाषाही राहिली. १७७४ च्या क्वेबेक कायद्याने रोमन कॅथलिक धर्म आणि फ्रेंच दिवाणी कायदा यांना मान्यता मिळाली, आणि आज अडीच शतकांनंतरही शहरातील नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांची मातृभाषा फ्रेंच आहे.

नव्या धन्यांना तटाची गरज लवकरच पडली. १७७५ च्या ३१ डिसेंबरच्या पहाटे, हिमवादळात, बंडखोर अमेरिकन वसाहतींच्या फौजेने क्वेबेकवर हल्ला केला. त्यांचा सेनापती माँटगोमेरी खालच्या शहरात ठार झाला, दुसरा सेनानी बेनेडिक्ट आर्नोल्ड जखमी झाला आणि हल्ला मोडला. या अनुभवातून आणि अमेरिकेच्या पुढील भीतीतून १८२० पासून काप दियामाँच्या सर्वोच्च माथ्यावर ताऱ्याच्या आकाराचा भक्कम बालेकिल्ला उभा राहिला. त्याच्या पोटात फ्रेंचांचा १६९३ चा गढीवजा बुरूज आणि १७५० चे दारूकोठार जसेच्या तसे सामावून घेतले गेले. त्या बालेकिल्ल्यावर शत्रूचा एकही हल्ला कधी झाला नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात क्वेबेकचे वैभव तटाबाहेर, पाण्याच्या काठावर होते. नेपोलियनने बाल्टिक समुद्राचे लाकूड ब्रिटनला मिळू नये अशी नाकेबंदी केली, तेव्हा ब्रिटनने कॅनडातील अरण्यांकडे मोर्चा वळवला, आणि चौरस तासलेल्या ओंडक्यांचे प्रचंड तराफे नदीवरून क्वेबेकला येऊ लागले. लाकूड घेऊन गेलेली जहाजे परतताना दरिद्री स्थलांतरितांना, विशेषतः आयरिश लोकांना, खच्चून भरून आणीत. १८३२ मध्ये पटकीच्या भीतीने शहराखालच्या ग्रोस-इल बेटावर विलगीकरणाचे ठाणे उभारावे लागले, आणि आयर्लंडातील बटाट्याच्या दुष्काळानंतर १८४७ च्या एका हंगामात पाच हजारांहून अधिक माणसे त्या बेटावर पुरली गेली. आजची क्रूझ जहाजे त्याच बेटावरून पुढे येतात. प्रवाशांनी तिथे क्षणभर तरी मान लववावी असे ते स्थळ आहे.

मग लाकडाचा व्यापार ओसरला, नदीचे पात्र खोल करून मोठी जहाजे थेट मोंत्रेयालला जाऊ लागली, आणि ११ नोव्हेंबर १८७१ रोजी, म्हणजे पुन्हा एका शरदाच्या अखेरीस, ब्रिटिश पलटण क्वेबेक सोडून जहाजावर चढली. तट राखायला आता फौज नव्हती आणि तट राखावा असा शत्रूही नव्हता. अरुंद वेशींत गाड्यांची कोंडी होते, हवा खेळत नाही, जागा अडते, ही नागरिकांची तक्रार रास्त होती. आणि पाठोपाठच्या दोन-तीन वर्षांत प्रेस्कॉट, सँ-लुई, पाले आणि होप या चार वेशी पाडल्या गेल्या. माँकामला ज्या वाटेने आत आणले होते तिथली वेसही अशी नाहीशी झाली. तटाची पाळी आता येणार होती.

याच्या आदल्याच दशकात मुंबईतही हाच प्रश्न उभा राहिला होता. कापसाच्या तेजीने शहर फुगले होते, कोटाच्या आतली वस्ती कोंदट झाली होती, आणि गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकीर्दीत मुंबईचा कोट पाडण्यात आला. त्या जागेवर देखण्या इमारती आणि रुंद रस्ते आले, ही गोष्ट खरी. परंतु आज चर्चगेटला उतरणाऱ्या लक्षावधी लोकांना वेस म्हणून दाखवायला तिथे काही उरलेले नाही. क्वेबेकचेही असेच व्हायचे, पण एका माणसाने ते होऊ दिले नाही, आणि तो माणूस मराठी वाचकाला अपरिचित नाही. १८७२ ते १८७८ पर्यंत कॅनडाचे गव्हर्नर जनरल असलेले लॉर्ड डफरिन हेच पुढे हिंदुस्थानचे व्हाइसरॉय झाले. त्यांच्याच अमदानीत १८८५ च्या डिसेंबरात मुंबईस राष्ट्रसभेचे पहिले अधिवेशन भरले.

डफरिन यांनी पाडापाडीचे समर्थन करणाऱ्या नगरपालिकेशी नुसता वाद घातला नाही. वाहतुकीची अडचण त्यांनी मान्य केली, आणि विल्यम लिन या आयरिश वास्तुशिल्पज्ञाकडून १८७५ साली असा आराखडा करून घेतला की रस्ते रुंद व्हावेत आणि तटही अखंड राहावा. सँ-लुई वेस नव्याने, रुंद कमानीची आणि मनोऱ्यांची अशी उभी राहिली. तिच्या जवळच, पूर्वी वेस नव्हतीच अशा ठिकाणी, केंट वेस बांधली गेली. तिच्या खर्चाला महाराणी व्हिक्टोरियाने हातभार लावला, कारण तिचे वडील ड्यूक ऑफ केंट तरुणपणी सेनाधिकारी म्हणून या शहरात राहिले होते. कड्याच्या काठावर, १८३४ साली जळालेल्या गव्हर्नरांच्या शातो सँ-लुई या वाड्याच्या जागेवर लॉर्ड डरहॅम यांनी बांधलेला सज्जा होता. तो वाढवून चारशे मीटरांहून लांब असा लाकडी फळ्यांचा, फिरायला जाण्याचा सज्जा करण्यात आला आणि १८७९ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. त्याला आज डफरिन यांचेच नाव आहे. ते स्वतः आदल्याच वर्षी, ऑक्टोबर १८७८ मध्ये, या बंदरातून जहाजाने निघून गेले होते.

यावर कुणी आक्षेप घेईल की आज प्रवासी ज्या वेशींची छायाचित्रे काढतात त्या मुळात युद्धासाठी बांधलेल्याच नाहीत. त्यांचे मनोरे कल्पनारम्य युगाच्या रुचीतून आले. सज्ज्यामागे दिसणारे शातो फ्रोंतनाक, जे सर्वांना किल्ल्याचाच भाग वाटते, तेही १८९३ साली कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेने ब्रूस प्राइस या शिल्पज्ञाकडून बांधून घेतलेले हॉटेल आहे. प्लास रॉयालची घरेसुद्धा गेल्या शतकाच्या उत्तरार्धात, मागाहून चढलेले मजले व दुरुस्त्या काढून टाकून, फ्रेंच अमदानीतल्या रूपात परत आणलेली आहेत. आक्षेप खरा आहे आणि तरीही मला तो पुरेसा वाटत नाही. उपयोग संपलेली वास्तू जशीच्या तशी टिकत नसते. तिला टिकवायचे तर कुणाला तरी तिच्यासाठी नवा उपयोग योजावा लागतो, आणि तो योजताना कमानीची रुंदी बदलते, भिंतीची उंची बदलते, कधी आजूबाजूचे रूपही बदलते. द लेरीची पश्चिमेकडील भिंत उभी आहे, याचे श्रेय त्या नव्या कमानींना आहे. त्या रुंद झाल्या नसत्या तर भिंत गेली असती. सँ-झाँ वेस १९३९ साली आणि प्रेस्कॉट वेस १९८३ साली पुन्हा उभारणाऱ्यांनी हाच मार्ग चालू ठेवला, आणि १९८५ साली युनेस्कोने जुन्या क्वेबेकला जागतिक वारशाचा दर्जा दिला तो या साखळीतील सर्व दुव्यांना मिळून दिला.

जतन करताना आठवण कुणाची ठेवायची, हा प्रश्नही या शहराने मोठ्या उदारपणे सोडवला. डफरिन सज्ज्यामागच्या बागेत १८२८ साली उभारलेला एक स्तंभ आहे. त्यावर वुल्फ आणि माँकाम, जिंकलेला आणि हरलेला, या दोघांची नावे आहेत, आणि दोघांनाही शौर्याने समान मरण व इतिहासाने समान कीर्ती दिली, या आशयाचा लॅटिन लेख आहे. हा स्तंभ उभारणारे गव्हर्नर लॉर्ड डलहौसी पुढे हिंदुस्थानचे सरसेनापती झाले. त्यांच्या मुलानेच १८४८ साली साताऱ्याचे राज्य खालसा केले. डफरिन यांच्या कारकीर्दीतही असाच विरोधाभास दिसतो. क्वेबेकमध्ये जित फ्रेंचांचा तट ज्यांनी आस्थेने वाचवला, त्यांनीच १८८८ साली कलकत्त्यास भाषण करताना राष्ट्रसभेमागच्या सुशिक्षितांना सूक्ष्म अल्पसंख्य ठरवून बाजूस सारले. एका खंडात जितांच्या स्मृतीला मान देणारी राज्यसत्ता दुसऱ्या खंडात जितांच्या वर्तमानाला तो मान देऊ शकली नाही. मराठी वाचकाने या स्तंभापुढे उभे राहताना हे दोन्ही मनात ठेवावे; एकामुळे दुसरे खोटे ठरत नाही.

म्हणून शरदात क्वेबेकला उतरणाऱ्या प्रवाशास एक सुचवावेसे वाटते. जहाजावरून दिसणारा कडा, पाण्याकाठच्या गल्ल्या, वर नेणारी तारगाडी आणि सज्ज्यावरून दिसणारे नदीचे विस्तीर्ण दर्शन, हे सारे मनसोक्त पाहावे. पण हाती असलेल्या काही तासांपैकी एक तास राखून ठेवून सँ-लुई वेशीपर्यंत चालत जावे, तटावर चढावे आणि पश्चिमेकडे तोंड करून उभे राहावे. तिथे एका बाजूला माँकाम ज्या मैदानाकडे निघाला ते आब्राहामचे पठार आहे, आणि समोर प्रांताचे विधिमंडळ आहे, ज्याच्या दर्शनी भिंतीवर वुल्फ आणि माँकाम या दोघांचेही पुतळे बसवलेले आहेत. पाठीमागच्या बालेकिल्ल्यात आज कॅनडाच्या सैन्यातील फ्रेंचभाषक बाविसावी पलटण आहे. ब्रिटिशांनी बांधलेला किल्ला, फ्रेंच बोलणारी शिबंदी, आयरिश शिल्पज्ञाने रेखाटलेली वेस आणि अठराव्या शतकातील फ्रेंच अभियंत्याची भिंत, हे सर्व एकाच जागी उभे आहे, कारण १८७० च्या दशकात ते मोडून जागा मोकळी करणे सोपे, स्वस्त आणि लोकप्रिय असतानाही थोड्या लोकांनी अवघड वाट धरली. जुन्या वेशींपुढे कोंडी झाली की आजही प्रत्येक शहरात कुणीतरी कुदळ उचलतो. कुदळ उचलण्यापूर्वी त्याने क्वेबेकचा आराखडा एकदा उलगडून पाहावा; रस्ता आणि तट यांपैकी एकच निवडावा लागतो ही समजूत दीडशे वर्षांपूर्वीच तिथे खोडून काढलेली आहे.